चाचांच्या छातीचा फोटो

फुफ्फुस काळं दिसलं म्हणजे चांगलं, हे मला चाचांनी शिकवलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. जालना वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन एक. माहेर परतूर तालुक्यातल्या आष्टीचं. बारावी सायन्स झाले आणि लग्न होऊन जालन्यात आले. नवरा बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. त्याच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचा मस्तगड भागात एक्स-रेचा दवाखाना होता आणि त्यांना तिथं बाईमाणूस हवं होतं. खेड्यावरून आलेल्या बायका परक्या पुरुषासमोर ब्लाउज काढून झगा घालायला तयार नसत. कितीतरी जणी दारातून परत जायच्या. म्हणून मला ठेवलं. बायकांना कपडे बदलायला मदत करायची, गळ्यातलं उतरवून रुमालात बांधून द्यायचं, एवढंच काम ठरलं होतं.

मशीन चालवायचे ते चाचा. उंच, वाळके, चाळिशीच्या आतबाहेरचे. फिल्म धुवायच्या डेव्हलपरच्या पाण्यात हात घालून घालून त्यांची बोटं तपकिरी झालेली होती आणि नखं काळी. त्यांना मी पहिल्या दिवसापासून चाचा म्हणाले, कारण दवाखान्यात सगळेच म्हणत. ते मला सहा महिने 'बाई' म्हणत होते. एक दिवस डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ओल्या फिल्मचा हँगर धरायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा मला हाक मारली, "अरे बेटा, जरा पकड ये." तिथून मी बेटा झाले, आणि हळूहळू कामही शिकत गेले.

श्वास कसा धरायला लावायचा, हे त्यांचं खास होतं. पुष्कळ म्हाताऱ्यांना 'श्वास घ्या, रोखून धरा' म्हटलेलं समजायचं नाही. ते उलट फू करून सोडायचे आणि फिल्म वाया जायची. चाचा त्यांच्याजवळ जाऊन सांगायचे, "आजोबा, विहिरीत बुडी मारताव ना तसा दम ओढा. आता धरा. वर येऊ नका." आणि पळत जाऊन बटण दाबायचे. मग आवाज मऊ करून, "या वर."

फिल्म वाळली की ते ती खिडकीला धरून बघायचे. मला शेजारी उभं करायचे. काळं ते हवेचं. पांढरी हाडं, पांढरं काळीज. जिथं काळं असायला पाहिजे तिथं पांढरं दिसलं, की तिथं हवा जात नाही. बाहेर मात्र ते एक अक्षर बोलायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "फोटो आम्ही काढतो. वाचायचं काम डॉक्टरचं."

हे मी एकदा मोडलं. मंठ्याकडची एक बाई दहा महिन्यांचं लेकरू घेऊन आली होती. लेकराला गोवर निघून गेलेला, अंगावर खपल्यांचे डाग होते आणि बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आईनं दोन्ही दंड वर धरले आणि चाचांनी फोटो काढला. फिल्म ओली असतानाच मला कळलं की वाईट आहे. डॉक्टर बाहेर गेल्ते, यायला उशीर होता. ती बाई माझ्याच वयाची. तिनं माझा पदर धरला आणि म्हणाली, "ताई, बरं होईल ना ओ?" मी म्हणाले, "होईल. काळजी करू नका."

डॉक्टरांनी येऊन औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. पण ते नवरा-बायको औरंगाबादला गेलेच नाहीत. गावी परत गेले. चार-पाच दिवसांनी तो माणूस एकटाच आला, दारात उभा राहिला आणि मला म्हणाला, "तुम्ही तर बरं होईल म्हणल्ता." भांडला नाही. एवढंच बोलला आणि चपला घालून निघून गेला.

त्या दिवशी निघताना चाचा सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाले, "तेरे को चुप रहना आता ना बेटा? मंग चुप रह. झूट नक्को बोल कभी."

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मी हे पाळलं. मधल्या काळात मी परीक्षा देऊन रीतसर टेक्निशियन झाले. थोरले डॉक्टर थकले, त्यांचा मुलगा रेडिओलॉजी शिकून आला आणि त्यानं जालन्यात सीटी स्कॅनचं मशीन आणलं. त्यांना आम्ही धाकटे डॉक्टर म्हणायचो. नवी जागा, काचेची दारं, एसी. चाचांनी त्या मशीनला हात लावला नाही. कॉम्प्युटर त्यांना नको होता. जुना एक्स-रे मात्र साठी उलटेपर्यंत त्यांनीच चालवला. नोकरी सुटल्यावरही दुपारची नमाज झाली की यायचे, माझ्या कन्सोलमागे स्टुलावर बसायचे आणि पडद्यावर सरकणाऱ्या चकत्या बघायचे. कुठली चकती गळ्याखालची, कुठं काळीज सुरू झालं, कुठं लिव्हर लागलं, हे बघून बघून त्यांना बराबर समजायला लागलं होतं. "हमारे टाइम में एकच फोटो था," म्हणायचे. "उसी में सब अंदाज लगाना."

मग ते स्वाइन फ्लूचं वर्ष आलं. आधी पुण्याच्या बातम्या आल्या. आमच्याकडे लोक तोंडाला रुमाल बांधायला लागले. धाकट्या डॉक्टरांनी आम्हाला मास्क आणून दिले, ते आम्ही दोन-दोन दिवस वापरायचो.

पहिली पेशंट मंठ्याजवळच्या शाळेतली एक शिक्षिका होती. सव्वीस वर्षांची. ताप येऊन पाच दिवस झाले होते, पण आली ती पायानं चालत. साडीची पिन मला काढायला सांगितली, टेबलावर स्वतः चढली. एक्स-रेत तिच्या छातीच्या तळाला थोडं धुरकट होतं, इतकंच. सीटीवर चकत्या खाली सरकायला लागल्या आणि डॉक्टर खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. वर काळं होतं. खाली खाली काचेवर श्वास सोडल्यावर येते तशी धुरकट झाक, आणि त्याच्या खाली खडूसारखं पांढरं. दोन्ही बाजूंनी.

डॉक्टरांची एक सवय होती. रिपोर्ट सांगायच्या आधी ते रद्दी कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीनं दोन फुफ्फुसं काढायचे. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोन. मग एकेक भाग जितका खराब तितका पेन्सिलीनं भरायचे. त्यावरून पेशंटला कुठं पाठवायचं ते ठरायचं. एखादा कोपरा असला तर घरी, औषधावर. तीन भाग भरले तर ऑक्सिजन. त्याच्या वर गेलं तर औरंगाबाद, आणि तेही लगेच. मला म्हणाले, "एक्स-रेत सावल्या एकावर एक पडतात. मागचं पुढच्याआड लपतं. काकडीसारख्या चकत्या केल्या की लपायला जागा न्हाई."

त्या शिक्षिकेचे तीन भाग पूर्ण भरले होते, चौथा अर्धा. तिला औरंगाबादला हलवलं, तिथं चौथ्या दिवशी ती वारली. तिचा नवरा रिपोर्टची दुसरी प्रत न्यायला आला तेव्हा कळलं.

रोज्यांचे दिवस होते. त्या आठवड्यात चाचा दुपारी आले ते स्टुलावर बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले. खोकत होते. मी विचारलं तर म्हणाले, "जरा बुखार है. तीन दिन से." मी त्यांना जुन्या एक्स-रेच्या खोलीत नेलं आणि छातीचा फोटो काढला. खाली दोन्हीकडं किंचित धुरकट. चाचांनी स्वतःच ती फिल्म दिव्याच्या व्ह्यू बॉक्सवर लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ठीक है. थोडा बलगम है."

डॉक्टर म्हणाले, "चाचा, सीटी करू एक. आत्ता होईल."

"कायको? खोकल्याला सीटी कुणी करते का? नक्को."

"मग सरकारी दवाखान्यात जाऊन घशाचा स्वॅब तरी देऊन या. गोळ्या तिथंच मिळतील."

चाचा हसले. स्वॅब दिला की तिथंच ठेवून घेतात, हे तोवर गावभर झालं होतं. रोज्यात घराबाहेर, अनोळखी वॉर्डात पडून राहायला ते तयार नव्हते. डॉक्टरांनी खोकल्याची औषधं लिहून दिली आणि दम लागला तर ताबडतोब या म्हणून बजावलं.

मी तिथंच उभी होते. त्या शिक्षिकेचा एक्स-रे मी चार दिवसांपूर्वी बघितला होता. तोही असाच होता. मी हात धरून त्यांना टेबलावर झोपवलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. माझं त्यांनी ऐकलं असतं. पण चाचा फिल्म बघून 'ठीक है' म्हणाले होते, आणि चाचांनी म्हटल्यावर ठीकच असणार, अशी मला इतक्या वर्षांची सवय. मी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी सकाळी साडेदहाला रिक्षा आली. चाचींनी त्यांना दंडाला धरून उतरवलं. चाची ठेंगण्या, गप्प स्वभावाच्या. बुरख्याचा पडदा मागे टाकलेला होता आणि चेहरा घामानं भिजला होता. "रात से बैठ के ही है," मला म्हणाल्या. "लेटने को नै होरा."

चाचांच्या बोटाला मी ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ब्याऐंशी. मला वाटलं चिमटा खराब आहे. दुसऱ्या बोटाला लावला. ब्याऐंशीच. ओठांचा रंग जांभळट दिसत होता. तरी ते शुद्धीवर होते, मला बघून मान हलवली. बोलत होते, पण दोन-दोन शब्द. "रोजा है. पानी. नक्को देऊ."

त्यांना टेबलावर आडवं करायला मी आणि वॉर्डबॉय, दोघं लागलो. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. हात डोक्यामागे घ्यायला सांगितले तर ते एकदाच वर गेले आणि घसरून खाली आले. मग मी ते पट्ट्यानं बांधले. ते माझ्याकडे बघत होते, मी बरोबर करते की नाही ते तपासल्यासारखं.

मी काचेच्या पलीकडे जाऊन माइक हातात घेतला. "चाचा, श्वास घ्या. धरा." टेबल आत सरकलं. पहिल्या दोन चकत्या बऱ्या आल्या आणि मग चित्र हललं. त्यांना दोन सेकंदसुद्धा दम धरता येत नव्हता. मी थांबवलं. पुन्हा माइक घेतला. पेशंटला काय सांगायचं हे सगळं मला त्यांनीच शिकवलेलं. शेवटी म्हणाले, "चाचा, धरू नका. जमेल तेवढं हळू चालू द्या. हलू नका फक्त." तसाच स्कॅन केला. कडा थोड्या फाटल्यासारख्या आल्या, पण दिसायचं ते दिसलं.

वरच्या चकत्या बऱ्या होत्या. कडेला थोडी धुरकट झाक, बाकी काळं. काळीज दिसायला लागलं आणि त्याच्या दोन्ही बाजू पांढऱ्या होत गेल्या. तळाला तर फुफ्फुस आणि लिव्हर यांच्यात फरक करता येईना. पांढऱ्यातून श्वासनळीच्या काळ्या फांद्या तेवढ्या दिसत होत्या.

डॉक्टरांनी कागद घेतला. पेन्सिलीनं एक भाग भरला, दुसरा भरला. चौथा भरताना टोक मोडलं. ते तसंच ठेवून म्हणाले, "पाचातले तीन पूर्ण. वरचे दोन अर्धे. दोन दिवसांत एवढं झालंय." मग खालच्या आवाजात, "आत्ताच्या आत्ता औरंगाबाद. श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल बहुतेक. मी फोन करतो. तुम्ही त्यांना काही सांगू नका, घाबरवू नका."

अँब्युलन्स यायला पाऊण तास लागणार होता. चाचांना बाहेर बाकावर बसवलं होतं, कारण आडवं झोपवत नव्हतं. ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारी. मी बाहेर आले तसे त्यांनी हात पुढे केला.

"फिलम."

"प्रिंट होऊन राह्यली चाचा. येईल."

"जल्दी ला."

मी आत आले. दोन फिल्मा निघाल्या होत्या. एकीवर वरच्या चकत्या, एकीवर खालच्या. दोन्ही मी उजेडाला धरून बघितल्या. मग खालच्या चकत्यांची फिल्म टेबलाच्या खणात ठेवली आणि वरची घेऊन बाहेर गेले. फिल्मवर नाव त्यांचंच होतं, फुफ्फुस त्यांचंच होतं, आणि फिल्म बऱ्यापैकी काळी होती.

चाचांनी ती दाराच्या काचेकडे, उजेडाकडे धरली. हात वर टिकत नव्हता म्हणून मी एक कोपरा धरला. चाची त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं, त्या नवऱ्याचा चेहरा बघत होत्या.

त्यांनी एकेक चौकोन बघितला. डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. शेवटच्या चौकोनाशी थांबले.

"बेटा. इसमें दिल. कहाँ है?"

मी धरलेला कोपरा सरळ केला.

"दिल अभी. आयाच नै." दम घेतला. "दिल के नीचे का. ला."

"चाचा, प्रिंटर अडकलाय," मी म्हणाले.

त्यांनी फिल्म खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्या पेशंटकडे बघावं तसं बघितलं, शांत, कुठं दुखतंय ते शोधावं तसं. त्यांना बोलायला त्रास होत होता आणि मी त्यांना आणखी बोलायला लावत होते. मी उठले, आत गेले, खणातून दुसरी फिल्म काढली आणि त्यांच्या हातात दिली.

ही त्यांनी फार वेळ बघितली नाही.

"डॉक्टर. कितना बोले?"

"तीन पूर्ण. वरचे दोन अर्धे."

"मशीन पे. डालेंगे?"

"हो. बहुतेक."

त्यांनी मान हलवली. फिल्म चाचींकडे न देता माझ्याकडे परत दिली. मग चाचींकडे वळून म्हणाले, "पानी पिला." चाची दचकल्या. पहाटेपासून त्या पाणी प्या म्हणून विनवत होत्या, डॉक्टरांनी सांगूनही त्यांनी रोजा सोडला नव्हता. पिशवीतली बाटली काढताना त्यांच्या हातून झाकण खाली पडलं. चाचांनी दोन घोट घेतले, तिसऱ्याला ठसका लागला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. चाचींनी ते ओढणीच्या टोकानं पुसलं आणि पुसता पुसता त्यांना सगळं कळलं असावं, कारण मग त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

अँब्युलन्स आली. दोन्ही फिल्मा पाकिटात घालून मी रिपोर्टबरोबर आत ठेवल्या. चढताना चाचांनी माझा हात धरला होता. मी 'मला माफ करा' म्हणायचं ठरवलं होतं, पण तिथं वॉर्डबॉय, ड्रायव्हर, सिलिंडर, सगळ्यांचा गोंधळ. त्यांनीच म्हटलं, "तू मास्क. बराबर बांध." माझा मास्क नाकाखाली घसरला होता. दार लागलं.

रविवारी मी औरंगाबादला गेले. त्यांना वेगळ्या वॉर्डात ठेवलं होतं, आत कुणाला सोडत नव्हते. चाचींची मुलगी औरंगाबादलाच दिलेली. ती घरून डबा आणायची, चाची मात्र दिवसभर जिन्याखालच्या बाकावर बसून असायच्या. चाचांना गेल्या गेल्या झोपवून श्वासाच्या मशीनवर टाकलं होतं. पुन्हा सीटी करायचा तर खाली न्यावं लागलं असतं, आणि मशीनवरून हलवायची सोय नव्हती. म्हणून रोज पलंगावरच एक्स-रे काढत होते.

चाचींनी नर्सला गयावया करून त्या दिवशीची फिल्म मागून घेतली होती. मला बघताच ती पुढे केली. "तू पढ के बता."

मी खिडकीशी गेले. एका नजरेत दिसत होतं. खांद्याजवळ दोन काळे ठिपके उरले होते, बाकी सगळं एकसारखं. हृदयाची कडासुद्धा शोधावी लागत होती.

"चाची, वाढलंय," मी म्हणाले. "परवापेक्षा जास्त आहे. काळं थोडंच उरलंय."

"बचेंगे?"

"मला न्हाई वाटत."

त्यांनी फिल्म माझ्या हातातून घेतली, पाकिटात घातली आणि पाकिटाचा काठ बोटानं नीट दाबला. म्हणाल्या, "गाडी में बोले मेरे को. संदूक की चाबी कहाँ है, कौन से पेपर किस के, सब बोले. दम नै था, तो भी बोले." मग म्हणाल्या, "जिस दिन पहिला फोटो निकाला, उसी दिन ये दूसरा वाला क्यूं नै किए?"

मी त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी सीटी करू म्हटलं होतं, चाचा नको म्हणाले, आणि मी गप्प बसले. हे शेवटचं सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही. मला दोषही दिला नाही. मुलगी डबा घेऊन आली तेव्हा तिनं माझ्यापुढेही ताटली ठेवली. मी ती खाल्ली.

आठव्या दिवशी चाचा गेले. त्यांना जालन्याला आणलं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून. चेहरा उघडू दिला नाही. पुरुष मोजकेच गेले, बाकी गल्लीनं दारं लावून घेतली. मी घरी चाचींजवळ बसले होते. ज्या बायका एरवी सगळ्यांत आधी आल्या असत्या, त्यातली एकही आली नाही. औरंगाबादहून पुण्याला पाठवलेल्या स्वॅबचा रिपोर्ट दफन झाल्यावर आला. तोच आजार होता. मग सरकारी दवाखान्याची माणसं येऊन घरात सगळ्यांना गोळ्या वाटून गेली. मलाही दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले. पहिलाच पेशंट छातीचा होता, भोकरदनकडचा एक म्हातारा. माइकवर 'श्वास घ्या' म्हणाले आणि पुढचं तोंडातून निघेना. डॉक्टरांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि तो स्कॅन त्यांनी केला. पुढचा मी केला.

आठवड्याच्या आत चाचींना ताप आला. यावेळी मी कुणाचं ऐकलं नाही. त्या इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नसतं. पण आजारासाठी चालतं, असं त्यांच्या मुलीनं विचारून आणलं. मी रिक्षा घेऊन गेले, त्यांना बसवलं, टेबलावर झोपवलं. "दम रोको चाची," म्हणाले. त्यांनी रोखला. चांगला दहा सेकंद रोखला.

डॉक्टरांनी कागदावर डाव्या बाजूचा तळाचा कोपरा तेवढा भरला, नखाएवढा. मी तो कागद चाचींना दाखवला. त्यांनी बोट ठेवलं.

"बस, इतना?"

"एवढंच चाची. घरी राहून बरं होईल." हे मी चकत्या बघून म्हणत होते.

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "एकीच घर की हवा थी," म्हणाल्या. "रोजे में साथ में बैठ के सहरी खाए." त्यांना आनंद झाला नव्हता. झगा बदलताना मी त्यांच्या पाठीची नाडी बांधत होते, तेव्हा त्या रडल्या, इतक्या दिवसांत माझ्यासमोर पहिल्यांदा. मी मागे उभी होते. नाडी बांधून झाली तरी हात तिथंच ठेवला.

त्या बऱ्या झाल्या. इद्दत संपल्यावर मुलगी त्यांना औरंगाबादला न्यायला आली. मस्तगडचं घर रिकामं करायचं होतं. मी रजा टाकून मदतीला गेले. भांडी बांधून झाली, गाद्या गुंडाळल्या. फिल्मांची पाकिटं भिंतीतल्या कपाटात होती. चाचींनी ती काढून माझ्यापुढे ठेवली.

"इसमें क्या है, मेरे को कोई नै बताया," म्हणाल्या. "वो देख के समझ गए. तू देख के समझ गई. मेरे को बता."

मुलगी म्हणाली, "अम्मी, रहने दो ना." पण चाची गुंडाळलेल्या गादीवर बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या.

मग मी सीटीच्या दोन्ही फिल्मा खिडकीच्या गजांना टेकवल्या आणि त्यांना वरून खाली दाखवत गेले. हा गळा. इथून श्वासनळी. ही इथं दोन वाटा फुटते. हे काळं म्हणजे चांगलं. इथं धुरकट व्हायला लागलं. हे काळीज. आणि इथून खाली हे सगळं पांढरं, इथं हवा जात नव्हती. उजवीकडचे तीन भाग, डावीकडचे दोन. त्यातले तीन संपलेले, वरचे दोन अर्धे. चाची मान डोलवत ऐकत होत्या. एकदा मध्येच थांबवून 'ये काला दाग काय का' असं विचारलं. ती श्वासनळीची फांदी होती. मी सांगितलं.

सगळं दाखवून झालं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. चाचींनी विचारलं, "इतना सफेद था, तो दर्द हुआ होगा क्या उनको?"

"दुखलं नसेल," मी म्हणाले आणि थांबले. "मला म्हाईत न्हाई चाची. दम घुटला असेल. झोपवलं तोवर त्रास झालाच असेल."

"हौ," त्या म्हणाल्या. "हुआ होगा."

त्यांनी फिल्मा पाकिटात घातल्या, पाकीट कपड्यांच्या गाठोड्यात खाली ठेवलं आणि मुलीला म्हणाल्या, चूल विझवली का बघ. मुलगी आत गेली. आम्ही दोघींनी गाठोड्याची टोकं धरून गाठ मारली.